शब्दचर्चा: यशाचा ‘ध्यास’ की यशाचं ‘व्यसन’?

एका शब्दावर अडलेय. माझ्या कथेतला नायक दारूला शिवत नाही, पण प्रमोशनच्या मागे असा लागलाय की घरात आई आजारी आहे हेही त्याला तिसऱ्या माणसाकडून कळतं. मी लिहिलं होतं ‘त्याला यशाचं व्यसन जडलं’. नारायण पेठेत आम्ही काहीजण जमून एकमेकांचं वाचतो, तिथल्या एका काकांनी ते खोडून ‘ध्यास लागला’ केलं, म्हणाले व्यसन दारू-तंबाखूचं असतं गं, यशाचं कसं असेल. मला नाही पटलं. ध्यास वारकऱ्याला पंढरीचा लागतो, त्यात माणूस मोठा होत जातो, आणि हा तर रोज आटत चाललाय.

व्यसन म्हणजे नशाच, असं मुळात नाहीये. संस्कृतात ‘उत्सवे व्यसने चैव’ म्हणतात तिथे व्यसन म्हणजे संकट. मनुस्मृतीत राजाची 18 व्यसनं सांगितलीत त्यात शिकार आहे, जुगार आहे, दिवसा झोपणंसुद्धा आहे. आणि भर्तृहरी नीतिशतकात थोरांचे गुण सांगताना म्हणतो ‘यशसि चाभिरुचिर्व्यसनं श्रुतौ’, म्हणजे यशाची आवड असावी आणि विद्येचं व्यसन. तिथलं यश म्हणजे कीर्ती बरं का, आपण रिझल्ट लागल्यावर म्हणतो ते यश नव्हे.

आता क्रियापदं बघा. दारू चढते, यशही चढतं. चटक दोन्हीची लागते, धुंदी दोन्हीची येते, आणि ज्याला पचत नाही त्याचं काय होतं तेही आपण सारखंच बोलतो. भाषेला हे कधीचं कळलंय, फक्त नाव द्यायची वेळ आली की आपण एकाला व्यसन म्हणतो नि दुसऱ्याला जिद्द.

‘एकच प्याला’तला सुधाकर म्हणूनच मला नुसता दारुडा वाटत नाही. हुशार, मानी वकील, कोर्टात अपमान होतो, सनद जाते आणि मग दारूचा प्याला घेऊन तळीराम पुढे येतो. 1919 सालचं नाटक, पण प्याल्याच्या आधी तो दुखावलेला मान आहे हे गडकऱ्यांनी नीट दाखवलंय.

घरातलं सांगते. माझा एक मामा दारूत गेला, आजी वाल सोलता सोलता म्हणायची, माणसातून उठला गं तो. पुढे आजोबांच्या दहाव्याला ओंकारेश्वरावर सगळे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभे, आणि माझा एक भाऊ बाहेर गाडीत बसून कॉलवर, काच वर केलेली, एसी चालू. कावळा शिवला तेव्हा त्याला काचेवर टकटक करून बोलवावं लागलं. त्याच आजीने त्याच्याबद्दल काय म्हणावं, तर मोठा माणूस झालाय, वेळ नसतो त्याला.

मला ते फार लागलं. माणसातून दोघंही उठले होते.

या पोस्टखाली एका ताईंनी ‘व्यसन’ऐवजी ‘हव्यास’ सुचवलाय. चांगला शब्द आहे, पण हव्यास पैशाअडक्याचा, जमिनीचा असतो, आणि त्यात माणूस सुरुवातीपासूनच लोभी ठरतो. माझा नायक लोभी नव्हता, आईला पहिल्या पगाराची साडी घेणारा होता. व्यसन ‘जडतं’, आजारासारखं, न कळत, म्हणून मला तोच शब्द हवाय.

सध्या ते वाक्यच काढलंय आणि आईच्या तोंडी ‘माझा मुलगा माणसातून उठला’ एवढंच ठेवलंय. तुमच्याकडे, म्हणजे सातारा-कोल्हापूर किंवा विदर्भात, न पिणाऱ्या माणसाला असं म्हणतात का? की वेगळा शब्द आहे?