कुत्र्याला क्रेट आवडतो, मग रात्री कडी कशाला?

अंगणवेल (पुणे)

आमच्या सोसायटीच्या श्वानप्रेमी ग्रुपवर सध्या एका ट्रेनरचा सल्ला फिरतोय. पिल्लू घरी आलं की पहिल्या रात्रीपासून क्रेटमध्ये, म्हणजे घरात ठेवायच्या जाळीच्या पिंजऱ्यात, घालून दार लावायचं, रडलं तरी उघडायचं नाही, आणि मोठं झाल्यावरही ही सवय मोडायची नाही. कारण काय, तर कुत्रा मुळात बिळात राहणारा प्राणी आहे, बंद जागेत त्याला सुरक्षित वाटतं. चार-पाच घरांनी क्रेट मागवलेसुद्धा. माझा या सल्ल्याला विरोध आहे. का, ते सविस्तर लिहिते.

आधी ते बिळाचं. लांडग्याची मादी बीळ किंवा कपार शोधते ती विण्यासाठी. पिल्लं दोन-अडीच महिन्यांची होईपर्यंत त्या जागेचा उपयोग, नंतर कळप उघड्यावरच झोपतो. आपल्या गल्लीतली कुत्री बघा. व्यायला झाली की जिन्याखाली, पाइपात, वाळूच्या ढिगात खड्डा करून जागा धरते. एरवी तीच उन्हाळ्यात गाडीखाली, पावसात दुकानाच्या फळीखाली पडलेली असते. जागा ती स्वतः निवडते आणि रात्रीतून बदलतेही. आडोसा आवडणं वेगळं, आडोशाला बाहेरून कडी असणं वेगळं.

दुसरं म्हणजे कुत्र्याची झोप आपल्यासारखी सलग नसते. ऑस्ट्रेलियातल्या १९९३ सालच्या एका अभ्यासात कुत्र्यांवर रात्रभर नजर ठेवली, तेव्हा सरासरी १६ मिनिटं झोप आणि ५ मिनिटं जाग असं चक्र दिसलं. आठ तासांत अशी वीसच्या वर चक्रं होतात. तेव्हा "रात्रभर झोपूनच तर असतो" या म्हणण्यात तथ्य नाही. आमचा लॅब्रेडॉर सोफ्याजवळ आडवा होतो, मग बाथरूमच्या उंबऱ्याशी गार फरशीला पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे पसरून पडतो, पहाटे माझ्या पलंगाखाली येतो. मे महिन्यात अंगाखालची फरशी तापली की उठून दोन हात पलीकडे सरकतो. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांच्या तळव्यांना. उकाडा झाला तर धापा टाकायच्या आणि गार जागा शोधायची, एवढंच त्याला करता येतं. क्रेटमध्ये खाली प्लॅस्टिकचा ट्रे, त्यावर गादी, आणि सरकायला जागा नाही.

जागेचंच बोलायचं तर लॅब्रेडॉरला साधारण ४२ इंची क्रेट देतात. ४२ बाय २८ इंच म्हणजे पाऊण चौरस मीटर. जर्मनीच्या २००१ च्या श्वान नियमावलीत याच उंचीच्या कुत्र्याला जाळीच्या कोठडीत ठेवायचं तर किमान ८ चौरस मीटर जागा द्यावी लागते.

पिल्लू असताना काही आठवडे, आपल्या पलंगाशेजारी, रात्री उठून बाहेर न्यायच्या तयारीने कुणी दार लावत असेल, तर ते मी समजू शकते. आजारपणात डॉक्टरांनी सांगितलं तर प्रश्नच नाही. पण धडधाकट मोठ्या कुत्र्याला आपली झोपमोड नको म्हणून रोज रात्री कोंडणं हा अन्याय आहे. त्याला क्रेट खरंच आवडत असेल, तर दार उघडं असतानाही तो आत जाऊन झोपेल. मग कडी कशाला?

बीगलचा_बाबा (ठाणे)

ताई, कडी कशाला ते मी सांगतो. आमचा बीगल आठ महिन्यांचा असताना रात्री कचऱ्याच्या डब्यातून दाणे खाऊन उरलेलं कणीस काढून त्याने गिळलं. आम्ही गाढ झोपेत. दुसऱ्या दिवशी उलट्या, मग सोनोग्राफी, मग पोट उघडून आतड्यातून तो तुकडा काढावा लागला. टाके पडलेल्या पोटाने तो माझ्याकडे बघत होता तेव्हा मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. त्यानंतर रात्री क्रेटला कडी लागते आणि मला त्याची अजिबात खंत नाही.

बाळाला पाळणा आवडतो म्हणून आपण कठडा काढून ठेवत नाही. बाळ कोंडलंय असंही कुणी म्हणत नाही.

क्रेट आमच्या पलंगाला लागून आहे. रात्री साडेनऊनंतर तासभर फिरून येतो, पाणी पितो, स्वतःहून आत जातो. मी कडी लावतो तेव्हा तो मान वरही करत नाही. तुमचा लॅब्रेडॉर शहाणा असेल. प्रत्येक कुत्रा तसा नसतो आणि प्रत्येक घर तुमच्याएवढं मोठं नसतं. जर्मनीचा आकडा दिलात तो कुत्र्याला कोठडीतच पाळणाऱ्यांसाठी आहे. माझा कुत्रा दिवसभर घरात मोकळा असतो. दोन्हीची तुलना बरोबर नाही.

रानजाई

मोठ्या कुत्र्याचं काय ते तुम्ही ठरवा. मला त्या ट्रेनरच्या "रडलं तरी उघडायचं नाही" या वाक्यावर बोलायचंय. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे घरी येतं ते जेमतेम दोन महिन्यांचं. आदल्या रात्रीपर्यंत भावंडांच्या ढिगात, आईच्या पोटाशी झोपलेलं. लघवी किती वेळ धरता येईल याचा ढोबळ हिशोब वयाचे महिने अधिक एक, इतके तास असा सांगतात. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. त्याला आठ तास कोंडलं तर ते आतच करणार आणि त्यातच लोळणार. पिल्लू झोपायची जागा सहसा घाण करत नाही, या एका गोष्टीवर सगळं पॉटी ट्रेनिंग उभं असतं. तीच तुम्ही पहिल्या आठवड्यात मोडून टाकता. वर ते रडतं तेव्हा कुणी येत नाही हे त्याला शिकवता. हे क्रूर आहे, आणि ट्रेनरने सांगितलं म्हणून कमी क्रूर होत नाही.

उसाच्या_बांधावरून (जुन्नर)

आमच्याकडे पिंजरा दुसऱ्याच कारणाने आला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर हा सगळा पट्टा उसाचा, आणि उसात बिबट्या. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे म्हटल्यावर इथली परिस्थिती लक्षात येईल. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्याच्या खाण्यातला वजनाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्या-गुरांपेक्षाही जास्त. आमच्या वस्तीवरच्या लोकांना हे अभ्यासाशिवायही ठाऊक होतं. ओसरीला साखळीने बांधलेलं कुत्रं सकाळी नसतं. साखळी ताणलेली, पट्टा तुटलेला, मातीत फरफटत नेल्याची रेघ थेट उसापर्यंत. काही जण गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, त्याने मानेवरचा पहिला घास चुकतो, जीव वाचेलच असं नाही.

म्हणून दिवस मावळला की आमचं कुत्रं पिंजऱ्यात. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून अँगल आणि जाड जाळीचा करून घेतलाय, माणूस वाकून आत जाईल एवढा. वर पत्रा, पत्र्यावर उसाचं पाचट, खाली फरशी न घालता मातीच ठेवली, म्हणजे कुत्र्याला उकरून बसता येतं. पंजा आत घालता येऊ नये म्हणून खालच्या दोन फुटांना दुहेरी जाळी आहे. घरात का घेत नाही, असं शहरातले पाहुणे विचारतात. शेताची लाइट रात्रपाळीला असते, मोटर चालू करायला बाहेर पडावं लागतं. कुत्र्याचा आवाज बाहेर असला म्हणजे आम्हाला अंदाज येतो.

ताई, तुमच्या म्हणण्यात मला एक अडचण दिसते. दार उघडं ठेवून बघा, आवडलं तर आत झोपेल, असं तुम्ही म्हणता. आमच्या कुत्र्यासमोर दार उघडं ठेवलं तर ते बाहेरच येणार. दुसऱ्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली की ते जाळीवर उभं राहून ओरडतं. त्याला बाहेर यायचं असतं हे मला दिसतं. तरी मी कडी काढत नाही. त्याची इच्छा हीच कसोटी धरली असती, तर आमच्याकडे एकही कुत्रं म्हातारं झालं नसतं.

अंगणवेल (पुणे)

दादा, तुमच्या पिंजऱ्याबद्दल माझा वाद नाही. तिथे कडी कुत्र्याच्या जिवासाठी आहे, आणि तुम्ही माती, पाचट, दुहेरी जाळी असा किती विचार केलाय ते दिसतंय. पण फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर बिबट्या येत नाही. तिथे उरतो तो कचऱ्याचा डबा, चपला आणि वायरी. डब्याला घट्ट झाकण लावता येतं, तो ओट्याखालच्या कपाटात ठेवता येतो, चार्जर काढता येतो. जिथे सामान आवरून भागतं तिथे कुत्र्याला आवरायचं कशाला?

स्टॉकहोमवासी

इथे हा प्रश्न कायद्यानेच सोडवलाय. स्वीडनमध्ये घरात कुत्र्याला बंद क्रेटमध्ये ठेवायला परवानगी नाही. प्रवास, स्पर्धा अशा मोजक्या कारणांना तात्पुरती सूट आहे. दार काढलेला किंवा उघडा क्रेट कितीही ठेवा. शिवाय घरातल्या कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर न्यावंच लागतं, पिल्लांना आणि म्हाताऱ्यांना त्याहून लवकर. फिनलंडमध्येही प्रवास, आजारपण किंवा तसंच तात्पुरतं कारण असेल तरच बंद क्रेट चालतो.

मग इथली कुत्री घरं फोडतात का? नाही. स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी असतं तसं कमरेएवढं फाटक बसवतात. पिल्लू त्या खोलीत मोकळं असतं, माणूस पलीकडे दिसत असतो. फरशी दोन-चार महिने पुसावी लागते, एवढंच. एका अख्ख्या देशाला कडीशिवाय कुत्री वाढवता येत असतील, तर कडीला पर्याय नाही हे म्हणणं टिकत नाही.

एडिसनकर (न्यू जर्सी)

आणि इथे अमेरिकेत पशुवैद्य, ट्रेनर, निवारा केंद्रं बहुतेक सगळेच क्रेटची सवय लावा म्हणून सांगतात. पेटासारख्या प्राणिहक्क संघटनांचा विरोध आहे, पण एकूण मत क्रेटच्या बाजूचं. एवढी माणसं कुत्र्यांची वैरी आहेत असं मला वाटत नाही.

आमच्या कुत्रीला एकदा दवाखान्यात रात्रभर ठेवावं लागलं. तिथे पिंजऱ्याशिवाय दुसरी सोय नसते. क्रेटची सवय असल्यामुळे ती सलाइन लावून शांत पडून राहिली. शेजारच्या पिंजऱ्यातला कुत्रा आयुष्यात पहिल्यांदा बंद जागेत आला असावा, तो दारावर आपटत होता, सलाइनची सुई दोनदा निघाली. गाडीचा प्रवास, विमान, घरात रंगकाम, आग लागली तर पटकन उचलून नेणं, या सगळ्याला ही सवय उपयोगी पडते. आणि दार कधीच लावलं नसेल तर ही सवय लागत नाही.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. रात्रीचे आठ तास सगळे मोजतायत, दिवसाचे कुणी मोजत नाही. इथे अशीही घरं आहेत की माणसं कामावर गेली की नऊ तास क्रेट, आणि रात्री पुन्हा आठ तास. सतरा तास झाले. त्या कुत्र्याचं आयुष्यच जाळीत गेलं. आपल्याकडच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये हेच आहे: नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही तर तो गुन्हा. हालचालीला वाव नसलेल्या पिंजऱ्यात कोंडणं हाही त्याच कलमाखाली गुन्हा. रात्रीच्या कडीपेक्षा याच्यामागे लागा.

रानजाई

त्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. मागे कोण आणि कशाच्या बळावर लागणार?

गुरांचा_डॉक्टर (नाशिक)

सगळं वाचलं. दवाखान्यात टेबलावर जे दिसतं ते सांगतो.

काही कुत्र्यांचे सुळे मागच्या बाजूने झिजलेले असतात. पुढून दात ठीक दिसतो, ओठ मागे खेचून बाजूने पाहिलं की दाताच्या पाठीला खाच पडलेली दिसते. जाळीची तार तोंडात धरून मागे ओढत राहिल्याशिवाय तशी झीज होत नाही. पुढे तो सुळा त्या खाचेपाशी मोडतो. यातल्या पुष्कळ घरांत मला सांगितलं जातं, "डॉक्टर, तो आत अगदी शांत असतो." सगळे झोपल्यावर तो काय करतो ते कुणी पाहिलेलं नसतं. सकाळी गादी लाळेने ओली आहे, तार वाकलीय, नखं मुळाशी तुटलीत, नाकावर केस गेलेत, यातलं एक जरी दिसलं तर त्या रात्रीपासून कडी बंद करा. एकटेपणाची भीती असलेल्या कुत्र्याला कोंडून ती भीती जात नाही, वाढते. दिवाळीच्या आठवड्यात तर कडी लावूच नका. सुतळी बॉम्बच्या आवाजाने बिथरलेला कुत्रा तारेच्या जाळीतून बाहेर पडायचा प्रयत्न करतो आणि जबडा अडकवून घेतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना उन्हाळ्यात बंद क्रेट धोक्याचा आहे, त्यांना आधीच धापा नीट टाकता येत नाहीत.

दुसरीकडे, डॅशहुंडच्या मणक्याची चकती सरकली की मला चार ते सहा आठवडे क्रेटमध्ये सक्तीची विश्रांती द्यावीच लागते. सोफ्यावर एक उडी मारली तर मागचे पाय कायमचे जाऊ शकतात. ज्यांना क्रेट ओळखीचा असतो ते कुत्रे हे दिवस बरे काढतात. एडिसनकर म्हणतात ते मी रोज पाहतो.

म्हणून प्रत्येक पिल्लाला क्रेटची ओळख करून द्या असं मी सांगतो. दार उघडं ठेवून, जेवण आत देऊन, दिवसा पाच-दहा मिनिटं दार लावून, आपण समोर बसून. मोठ्या निरोगी कुत्र्याला जन्मभर रात्री कडी लावायला मात्र मी सांगत नाही. ठाण्याच्या बाबांनी एक रात्र मोबाइलचा कॅमेरा क्रेटसमोर लावून ठेवावा आणि काय दिसतं ते इथे लिहावं.

बीगलचा_बाबा (ठाणे)

डॉक्टरसाहेब, कॅमेरा लावतो. सुळेही आजच बघितले, मागून पुढून सारखे आहेत. गादी कोरडी असते.

स्वीडनच्या फाटकाचं म्हणाल तर आमच्या वन बीएचकेत स्वयंपाकघराला चौकटच नाही, हॉलमध्येच ओटा. फाटक कुठे बसवू? ताई म्हणतात तसा डबा कपाटात ठेवला होता. बीगलच्या नाकाला कपाटाचं दार अडवत नाही, पंजाने ओढून उघडतो. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या टीपॉयवर असतात, त्यांना रात्री पाण्याबरोबर हाताशी लागतात. ती पाकिटं एकदा त्याच्या तोंडातून काढलीत. आवरता येतं ते सगळं आवरून झाल्यावर उरलेल्या धोक्यासाठी मी कडी लावतोय.

कॅमेऱ्यात तो तार चावताना किंवा दार उकरताना दिसला तर कडी काढेन आणि आम्ही दोघं आळीपाळीने हॉलमध्ये झोपू. तो पडून राहिलेला दिसला तर कडी राहील, आणि मग तुम्ही अन्याय म्हटलात तरी मला तो मान्य नसेल.

अंगणवेल (पुणे)

कॅमेरा लावताय हे फार बरं केलंत. गोळ्यांचं वाचून काळजी वाटली, त्या आधी झाकणाच्या डब्यात जाऊ द्या. तो पडून राहिला तरी जागा किती वेळा बदलायला बघतो, उठून वळतो का, दाराशी येऊन थांबतो का, तेही मोजा. माझं म्हणणं तिथेच आहे.