हाताला भेगा पडल्या तर जबाबदारी कुणाची?

आयसीयू_सिस्टर:
ड्यूटीवर सारखे धुऊन स्टाफमधल्या कुणाचे हात लाल झाले, सोलवटले की एकच उत्तर मिळतं, घरी जाऊन क्रीम लाव. मला हे अजिबात पटत नाही. हा कामामुळे होणारा आजार आहे, मग तो टाळायची सोय हॉस्पिटलनेच करायला हवी ना? साबण-पाण्याने त्वचेतलं तेल निघून जातं आणि शिफ्टभर ते भरून यायला वेळच मिळत नाही. बेसिनशेजारी बिनवासाच्या क्रीमचा पंप लावा, एवढंच मागणं आहे.

इन्फेक्शन_कंट्रोल:
ताई, पंप लावा, नाही कोण म्हणतं, पण सगळं हॉस्पिटलवर ढकलू नका. हात मळलेले दिसत नसताना हँडरब, म्हणजे हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, पुरतो, त्यात ग्लिसरीन असतं आणि साबणापेक्षा त्याने त्वचा कमी बिघडते, हे ट्रेनिंगमध्ये सांगूनही लोक गरम पाण्याने साबण लावतात, वर लगेच हँडरब चोळतात आणि ओल्याच हातावर ग्लोव्हज चढवतात. याला मॅनेजमेंट काय करणार?

आयसीयू_सिस्टर:
हँडरब झोंबतो म्हणून लोक साबणाकडे वळतात हो! आणि झोंबतो कारण त्वचा आधीच फाटलेली असते, दरवेळी ती अ‍ॅलर्जी नसते. म्हणजे क्रीम आधीपासून मिळालं असतं तर ही वेळच आली नसती.

लॅबवाला:
मी तर बहुतेक वेळ ग्लोव्हजच घालून असतो, प्रश्नच मिटला.

इन्फेक्शन_कंट्रोल:
उलट वाढतो. आत घाम साचतो, त्वचा भिजून मऊ पडते, म्हणून जर्मनीच्या नियमांत 2022 पर्यंत दिवसात 2 तासांपेक्षा जास्त ग्लोव्हज घालणं हेसुद्धा ओल्या कामातच, म्हणजे हात सतत पाण्यात असण्यासारखंच, मोजायचे. शिवाय लेटेक्सचे (नैसर्गिक रबराचे) ग्लोव्हज सोडून नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) घेतले तरी त्यातल्या रबर पक्कं करणाऱ्या केमिकल्सची अ‍ॅलर्जी होऊ शकते, सुट्टीत हात बरे आणि ड्यूटीवर आलं की परत तेच असं असेल तर स्किनवाल्यांकडून पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी चिकटवून अ‍ॅलर्जी तपासणं) करून घ्या. आणि ताई, हँडरबलाही मर्यादा आहे, सी. डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूच्या पेशंटनंतर साबण-पाणीच लागतं, अल्कोहोलने त्याचे स्पोअर (टणक बीजाणू) मरत नाहीत.

आयसीयू_सिस्टर:
ते मान्यच. पण फाटलेल्या त्वचेत स्टॅफ हा जंतू जास्त टिकतो, म्हणजे प्रश्न पेशंटचाही आहे. मग साबण, हँडरब, ग्लोव्हज हॉस्पिटलच्या खर्चाने आणि क्रीम तेवढं आमच्या पर्समधून, हे कसं काय?

इन्फेक्शन_कंट्रोल:
या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने. कमिटीत मांडते. फक्त डबी नको, पंपच, सगळ्यांची बोटं एकाच डबीत गेली की तीच दूषित होते, आणि लेटेक्स वापरत असाल तर व्हॅसलीनसारखं काही नको, रबर खराब होतं. पण ओल्या हातावर ग्लोव्हज घालणाऱ्यांना मी टोकणारच.