पैठणच्या मागावर ‘मोगरा फुलला’
‘मोगरा फुलला’च्या व्हिडिओसाठी मोगऱ्याची बाग आणि पांढऱ्या साडीतली नायिका सुचवली गेली, हे मला नाही पटलं. लताबाईंचा आवाज सुरू झाला की फूल डोळ्यांपुढे येतंच. ते पुन्हा कशाला दाखवायचं?

माझ्या डोक्यात पैठण आहे. हा अभंग रचणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींचं आपेगाव तिथून जवळच. पहाटेची गोदावरी एकदाच, लांबून. मग थेट हातमाग. शेवटच्या कडव्यात मनाने गुंफलेला शेला विठ्ठलाला वाहिलाय, म्हणून सबंध गाणं विणकामावरच राहू द्यावं. पैठणीच्या पदरात एकेका रंगाच्या धाग्याची वेगळी कांडी असते. विणकर ती बोटांनी ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून काढतो, शेजारच्या रंगात अडकवतो, धागा घट्ट बसवायला फणी ठोकतो. मोराची मान बोटभर चढायलाही किती वेळ लागतो! हृदयनाथांची चाल तशीच तर आहे, सावकाश उमलणारी. कॅमेरा त्या बोटांवरून हलवूच नका. फणीचा ठोका मात्र गाण्यात मिसळायचा नाही, फक्त दिसू द्यायचा.

शेवटी पदर उलटून दाखवा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत मागच्या बाजूनेही मोर तसाच दिसतो. आणि तिथेच, मागाच्या पायाशी, ओंजळभर मोगरा.