मदतनिधीसाठी सहा दिवसांची सायकल मोहीम : पहिल्या दिवशी किती अंतर ठेवावे?

प्रश्न

नमस्कार. आम्ही पाच मित्र दोन महिन्यांनी सहा दिवसांची सायकल मोहीम काढत आहोत. एकूण अंतर ६०० किलोमीटर आहे आणि जमा होणारी रक्कम लहान मुलांच्या कर्करोगावरील उपचारांसाठी द्यायची आहे. आमच्यापैकी एकाच्या भाचीवर असे उपचार झाले आहेत, त्यामुळे हे काम आम्हा सगळ्यांच्या मनाच्या फार जवळचे आहे. बहुतेक देणगीदारांनी प्रति किलोमीटर अमुक रक्कम अशा हिशेबाने शब्द दिला आहे.

आमचे अडले आहे ते पहिल्या दिवसावर. आमच्यातले दोघे दर रविवारी १०० किलोमीटर सहज चालवतात, आम्ही दोघे ६०-७० पर्यंत जातो, आणि पाचव्याने चार महिन्यांपूर्वीच सायकल हाती घेतली असून त्याचे आजवरचे सर्वांत मोठे अंतर ५० किलोमीटर आहे. अनुभवी दोघांचे म्हणणे असे की, पहिल्या दिवशी पाय ताजे असतात, तेव्हा त्याच दिवशी १३० किलोमीटर उरकून घ्यावेत, म्हणजे पुढचे पाच दिवस ९४ वर निभावतील. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नेमके सांगता येत नाही. शिवाय, वेगात इतका फरक असताना पाच जणांनी एकत्र कसे चालवायचे, आणि त्या दिवशी कोणाला थोडे अंतर सोबतच्या गाडीत बसावे लागले, तर ती देणगीदारांची फसवणूक ठरेल का, हेही प्रश्न मनात आहेत.

पहिला प्रतिसाद

तुम्हाला जे पटत नाही, त्यामागे ठोस कारण आहे. पायांचा ताजेपणा पहिल्या दिवशी खर्च केला नाही तर वाया जातो, असे नसते. उलट त्या दिवशी उधळलेली शक्ती पुढच्या दिवसांच्या खात्यातून वजा होते. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवून ठेवलेली कर्बोदके) असते, म्हणजे सुमारे २००० किलोकॅलरी. जोरात चालवले तर हा साठा दोन तासांच्या आसपास ओसरू लागतो, आणि पूर्ण रिकामा झाला तर भरपूर खाऊनही तो भरून यायला जवळपास एक दिवस लागतो. तुमच्या हाती मात्र फक्त एक रात्र असेल. म्हणून पहिल्या दिवशी दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहा, आणि भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासूनच खायला सुरुवात करा.

वेगाचाही हिशेब समजून घ्या. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवेला बाजूला सारण्यात जाते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० वरून २५ किलोमीटरवर गेलात, तर वेग एक चतुर्थांशाने वाढतो, पण हवेशी झुंजायला जवळपास दुप्पट शक्ती लागते. सकाळच्या उत्साहात हे पाच किलोमीटर कधी वाढले ते कळतही नाही. माझ्या मते पहिल्या दिवसाची कसोटी एकच असावी : आपल्यातल्या सर्वांत नवख्या मित्राला पॅडल मारता मारता पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. तो एकेका शब्दात उत्तरे देऊ लागला, की सगळ्यांनी वेग कमी करायचा.

अंतराबद्दल मी असे सुचवेन : ८०, १००, ११०, ११०, १०५ आणि ९५. बेरीज ६०० च होते, आणि मोठे दिवस तेव्हा येतात जेव्हा सर्वांना एकमेकांची चाल कळलेली असते. दिवसाचा आराखडा वेगावर न आखता घड्याळावर आखा. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला) साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी १५ हूनही थोडी कमी. आणि ती मुदत ज्यांची हुकते, त्यांची ती बहुतेकदा थांब्यांमुळे हुकते. तुमचे ८० किलोमीटर ताशी २० ने चार तासांचे असले, तरी थांबे धरून सहा तास गृहीत धरा. १३० किलोमीटर नवख्या मित्राच्या चालीने दहा तासांवर जातील, आणि निघायला उशीर झाला तर शेवटचे अंतर अंधारात काढावे लागेल.

एकत्र चालवताना जोरकस दोघांनी आलटून पालटून पुढे राहून वारा अंगावर घ्यावा. मागच्याला त्यामुळे शक्ती एक चतुर्थांशाने, कधी त्याहूनही अधिक, कमी लागते. नवख्याला मात्र सर्वांत शेवटी ठेवू नका. पुढच्याने जरा वेग बदलला की शेवटच्याला दरवेळी जोर लावून अंतर भरून काढावे लागते आणि तो थकतो. त्याची जागा तिसरी असावी. आपले पुढचे चाक कोणाच्याही मागच्या चाकाच्या बाजूला शिरू द्यायचे नाही, हा नियम निघण्यापूर्वीच त्याच्याकडून पक्का करून घ्या. समूहात चालवण्याची सवय होईपर्यंत त्याने एका सायकलीइतके अंतर राखले तरी त्याला वाऱ्यापासून पुरेसा आडोसा मिळेल.

हाती दोन महिने आहेत, तेव्हा त्याला शनिवार-रविवार लागोपाठ ६०-६० किलोमीटर चालवायला लावा. एकाच दिवशीच्या १०० पेक्षा हा सराव अशा मोहिमेच्या जास्त कामाचा आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी फक्त आमचा पहिला दिवस जसा गेला तसा सांगतो, कारण त्यातल्या चुका तुम्हाला टाळता येतील.

आम्ही सहा मित्र एका वाचनालयासाठी निधी गोळा करायला निघालो होतो. सकाळी सहाला निघायचे ठरले होते, पण निरोप द्यायला आलेल्यांचे हार, छायाचित्रे आणि चार शब्द यांत दीड तास गेला. ती माणसे प्रेमाने आली होती, त्यांना दोष नाही. पण तो दीड तास रस्त्यावर भरून काढायचा असे आम्ही मनाशी ठरवले, आणि तिथेच चुकलो. ऊन चढायच्या आत पोहोचण्याच्या घाईत चौघे पुढे निघून गेले. मी आणि सर्वांत मागे असलेला मित्र एका चढानंतर थांबलो, तर त्याचे मागचे चाक पंक्चर. ट्यूब होती, टायर काढायच्या पट्ट्या होत्या, पण पंप पुढच्यांपैकी एकाच्या सायकलीला लावलेला होता. फोन लागेना. पाऊण तास आम्ही रस्त्याच्या कडेला बसून होतो, आणि तो मित्र पुन्हा पुन्हा म्हणत होता की माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला. पंक्चर दहा मिनिटांत निघाले, पण ती भावना त्याच्या मनातून तीन दिवस गेली नाही. म्हणून कळकळीने सांगतो की, पंप आणि हत्यारे नेहमी सर्वांत मागच्या अनुभवी माणसाकडे असावीत, प्रत्येकाजवळ आपल्या चाकाच्या मापाची ट्यूब असावी, आणि दर १५-२० किलोमीटरवर पुढच्यांनी थांबून मोजणी करावी.

शरीराच्या तक्रारीही पहिल्याच दिवशी डोके वर काढतात. आमच्यातल्या एकाने मोहिमेसाठी खास नवी सीट बसवली आणि संध्याकाळी त्याला खुर्चीतही बसवेना. निघण्यापूर्वीच्या तीन-चार आठवड्यांत सीट, बूट, हँडलची उंची यांतले काहीही बदलू नका. पॅडेड शॉर्टच्या आत दुसरे काही घालू नये, कारण आतल्या शिवणींमुळे घर्षण वाढते. माझी स्वतःची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट दुपारपर्यंत बधिर झाले होते. तळहाताच्या त्या बाजूने जाणाऱ्या नसेवर सतत दाब आला की असे होते. दर काही मिनिटांनी हँडलवरची पकड बदलणे हा त्यावरचा साधा उपाय मला दुसऱ्या दिवशी सुचला. पाणी तहान लागेल तसे घोट घोट पीत राहा, आणि घाम फार येत असेल तर नुसत्या पाण्यावर राहू नका, क्षारही घ्या. तासन्‌तास केवळ पाणीच भरपूर प्यायल्याने रक्तातले सोडियम घसरते आणि ते धोक्याचे असते.

हेल्मेट आणि दिवे यांविषयी वेगळे सांगायला नको. सोबतची गाडी मात्र तुमच्या पाठीमागे रेंगाळत ठेवू नका, वाहतूक अडते. तिने पुढे जाऊन ठरल्या जागी थांबावे.

तिसरा प्रतिसाद

सायकलीचे वर सांगून झाले आहे, मी तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी लिहिते. अशा दोन मोहिमांचे हिशेब मी सांभाळले आहेत.

गाडीत बसणे ही फसवणूक नाही. गाडीत बसून ते न सांगणे ही फसवणूक आहे. त्यामुळे निघण्यापूर्वीच सर्व देणगीदारांना पत्र पाठवा आणि त्यात प्रति किलोमीटर म्हणजे काय ते स्पष्ट लिहा : पाचही जणांनी पूर्ण केलेले अंतर, की संघातल्या निदान एकाने सलग पूर्ण केलेले अंतर? आमच्या पहिल्या मोहिमेत हे संदिग्ध राहिले होते. एका मित्राला ताप असूनही तो सायकलवरून उतरायला तयार होईना, कारण आपण उतरलो तर उपचारांचे पैसे कमी होतील असे त्याने मनात घेतले होते. कोणाच्याही शरीरावर असे ओझे टाकू नका. आजारपणात किंवा थकव्यात गाडीचा आधार घेतला जाईल आणि तसे कळवले जाईल, हे वाक्य पत्रात आधीच असले की मित्र निःसंकोच उतरतो. दुसऱ्या वेळी आम्ही रोज संध्याकाळी प्रत्येकाचे अंतर वहीत लिहिले आणि तसेच्या तसे कळवले. एकाही देणगीदाराने रक्कम कमी केली नाही.

मोहिमेचा स्वतःचा खर्च देणगीतून होणार आहे की तुमच्या खिशातून, हेही त्याच पत्रात असू द्या. रक्कम शक्यतो थेट उपचार करणाऱ्या संस्थेच्या खात्यात जावी आणि पावती देणगीदाराच्या नावाने निघावी. आणि एक विनंती आहे : त्या भाचीचे नाव किंवा छायाचित्र तिच्या आईवडिलांच्या संमतीशिवाय, आणि ती समजत्या वयाची असेल तर तिलाही विचारल्याशिवाय, कुठेही वापरू नका.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री आम्ही पाचही जण हे सर्व एकत्र वाचायला बसलो. वेगाच्या घनाचा हिशेब अनुभवी दोघांनी स्वतः कागदावर करून पाहिला आणि पहिला दिवस ८० किलोमीटरचा करायला तेच पहिल्यांदा तयार झाले. पंप त्यांच्यातल्या एकाने मागून घेतला आहे. तो रोज शेवटी राहणार आहे. निरोपाचा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी करायचे ठरले. भाचीच्या आईशी आज बोललो. नाव नको, असे तिने सांगितले, आणि पत्राचा मसुदा त्याप्रमाणे बदलला आहे. आमचा नवखा मित्र फारसे बोलला नाही, पण येत्या शनिवार-रविवारच्या ६०-६० किलोमीटरसाठी सकाळी किती वाजता निघायचे, हे मात्र त्यानेच विचारले.