'ग्रीन लँटर्न'चा ७६वा अंक: धाडस की नुसती भाषणबाजी?

कोरी_शाई
एप्रिल १९७०च्या 'ग्रीन लँटर्न' ७६पासून अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स वयात आली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. लेखक डेनी ओ'नील, चित्रकार नील ॲडम्स. हिरो दोन: ग्रीन लँटर्न, म्हणजे शक्तीची अंगठी घालणारा हॅल जॉर्डन, आणि त्याचा साथीदार ग्रीन ॲरो. त्यातल्या एका चौकटीत कृष्णवर्णीय म्हातारा ग्रीन लँटर्नला विचारतो की निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या लोकांसाठी तू परग्रहांवर राबलास, मग काळ्यांनीच काय घोडं मारलंय? हिरो मान खाली घालतो.

माझं मत: ही चौकट पोस्टर म्हणून फर्मास, युक्तिवाद म्हणून लंगडी. या हिरोने अख्खी पृथ्वी कितीदा वाचवली, तिच्यात म्हाताराही आलाच की. दुसरं, भाडेकरूंना हुसकावणारा घरमालक जुबल स्लेड शेवटी अडकतो तो मारेकरी धाडल्यामुळे. तोच जर गुंड न पाठवता कोर्टाच्या नोटिशीवर काम भागवता, तर दोन्ही हिरो बघत बसले असते. प्रश्न घरांचा, उत्तर फौजदारी.

तिसरी_चौकट
साफ असहमत. आधीची पानं परत बघा. रस्त्यात एक तरुण एका सूटवाल्याला धक्काबुक्की करतोय. ग्रीन लँटर्न काहीही न विचारता त्या तरुणाला उचलून पोलिसांकडे रवाना करतो आणि लोक टाळ्या पिटतील म्हणून थांबतो, तर वरून डबे येऊन आदळतात. सूटवाला म्हणजे स्लेड. मग ग्रीन ॲरो ग्रीन लँटर्नला स्लेडच्या इमारतीत नेऊन आतली अवस्था दाखवतो. म्हातारा पृथ्वी वाचवल्याचा हिशेब मागत नाहीये. तो विचारतोय, चौकशी न करता तू कुणाची बाजू घेतलीस? हिरो अवकाशातला पोलीस आहे आणि वर्दीतला माणूस 'नियमाप्रमाणे केलं' एवढंच म्हणू शकतो. म्हणून तो गप्प. स्लेड फौजदारीत अडकतो हे मात्र मान्य. तिथे ओ'नील यांनी पळवाट काढली.

दहा_सेंट
धाडसाचं श्रेय द्यायचंच तर 'स्पायडरमॅन'ला द्या. १९५४च्या कॉमिक्स कोडखाली (प्रकाशकांनीच स्वतःवर घालून घेतलेली नियमावली) अमली पदार्थांचं चित्रणच चालत नव्हतं, मग ते विरोधासाठी का असेना. अमेरिकेच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याने 'स्पायडरमॅन'चे लेखक स्टॅन ली यांना नशेविरुद्ध कथा लिहायला सुचवलं, कोडवाल्यांनी ती नाकारली, तरी त्यांच्या मार्व्हल प्रकाशनाने 'अमेझिंग स्पायडरमॅन' ९६ ते ९८ (मे ते जुलै १९७१) मुखपृष्ठावरच्या कोड-मंजुरीच्या शिक्क्याशिवाय बाजारात आणले. त्याच वर्षी कोड सैल झाला. त्यानंतर 'ग्रीन लँटर्न' ८५ आला, तोही शिक्क्यासकट! रस्ता दुसऱ्याने खणला, फीत यांनी कापली.

तिसरी_चौकट
परवानगीचा क्रम बरोबर. पण कथा शेजारी ठेवून वाचा. 'स्पायडरमॅन'मध्ये नायकाचा मित्र हॅरी ऑस्बॉर्न नशेच्या गोळ्या खातो, पण कथेचा कणा खलनायक ग्रीन गॉब्लिनची मारामारीच. नशा हे उपकथानक. ते काढलं तरी गॉब्लिनचं भांडण तसंच चालू राहील.

'ग्रीन लँटर्न' ८५-८६मधून हेरॉइन काढून बघा, काहीच उरत नाही. व्यसनी कोण? स्पीडी, म्हणजे ग्रीन ॲरोने वाढवलेला पोरगा. जो माणूस ७६पासून सगळ्यांना नीतीचे धडे देतोय, त्याच्याच घरात सुई. हे कळल्यावर तो काय करतो? पोराला मारून घराबाहेर काढतो. नशा सोडतानाच्या यातनांत शेजारी बसते ती ब्लॅक कॅनरी ही नायिका. आणि शेवटी तोच पोरगा पालकाला ठोसा लगावतो. कोरी_शाई, भाषणबाजीवरची सगळ्यात कडक टीका याच मालिकेत आहे.

कोरी_शाई
८५-८६बद्दल मी माघार घेतो, पण अर्धीच. यातना मोजक्या पानांत आटोपतात आणि धंद्यामागे निघतो औषध कंपनीचा एक मालक. पुन्हा एकच गुन्हेगार, एकच बेडी. यापेक्षा वाईट हवं असेल तर 'लोइस लेन' १०६ (नोव्हेंबर १९७०). सुपरमॅनच्या यंत्राने त्याची पत्रकार मैत्रीण लोइस चोवीस तासांसाठी कृष्णवर्णीय होते. ओळखीचा टॅक्सीवाला न थांबता निघून जातो, ती चौकट अस्सल. शेवट काय, तर रक्तदान आणि हस्तांदोलन!

रद्दीवाला
बरं, एवढी थोर मालिका ८९व्या अंकात (एप्रिल-मे १९७२) बंद का पडली?

दहा_सेंट
वाचक उपदेशाला कंटाळले असं म्हणतात. एक साधी गोष्ट विसरतात: किंमत. १९७१च्या उन्हाळ्यात 'ग्रीन लँटर्न'च्या प्रकाशकाने, डीसीने, अंक १५वरून २५ सेंटांवर नेले आणि वाढलेली पानं जुन्या कथांनी भरली. मार्व्हलने तेच महिनाभर करून बघितलं आणि २० सेंटांवर उतरले. 'ग्रीन लँटर्न'चे ८५ ते ८९ हे पाचही अंक २५ सेंटांचे आहेत. त्यातला ८८वा तर बहुतेक जुन्या कथांचाच. दोन महिने वाट पाहून पोराने चार आणे मोजायचे आणि हाती शिळं! ॲडम्स यांचं काम उशिरा यायचं, हेही त्यात धरा.

तिसरी_चौकट
८७व्या अंकाबद्दल बोलायचं राहूनच गेलं. राखीव ग्रीन लँटर्न जॉन स्टुअर्ट त्यातच येतो: बेकार वास्तुविशारद, कृष्णवर्णीय, तोंडावर मुखवटा घालायला नकार. एका वंशद्वेष्ट्या राजकारण्यावरचा हल्ला बनावट आहे हा त्याचा संशय खरा ठरतो आणि हॅल जॉर्डन तोंडघशी पडतो. म्हाताऱ्याला ७६मध्ये न मिळालेलं उत्तर हे आहे. मान खाली घालू नका, अंगठी हातात द्या.

कोरी_शाई
दिली, आणि लगेच काढूनही घेतली. जॉन होता राखीव. पुढची डझनभर वर्षं तो तुरळक दिसतो. मुख्य ग्रीन लँटर्न म्हणून अंक त्याच्या नावावर होतो तो मालिका पुन्हा सुरू झाल्यावर, १९८४मध्ये, १८२व्या अंकात.