टॉकीज जगवायची ती कोणासाठी?

मॅटिनीवाला

घरच्या गणपतीत भाचीने सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, महिन्याच्या दोनशे रुपयांत घरबसल्या हवे तेवढे सिनेमे दिसतात, तुम्ही त्या खुराड्यात कशाला जाता?" तेव्हा धड उत्तर सुचलं नाही. पंधरा दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून इथे लिहितो.

खुराडं म्हणजे आमच्या पेठेतली एकपडदा टॉकीज. नाव घेत नाही, मालक ओळखीचे आहेत आणि खाली प्रतिसादांत कोण काय बोलेल सांगता येत नाही. खाली स्टॉल, वर बाल्कनी, मिळून सातशेच्या आसपास खुर्च्या. मागच्या मंगळवारी फर्स्ट शोला आम्ही सव्वीस जण होतो. मध्यंतरात मोजले.

तरी जातो. तिकीट अजून पातळ गुलाबी कागदाचं आहे, खिडकीतला माणूस त्यावर निळ्या पेन्सिलीने नंबर घालतो. डोअरकीपर अर्धं फाडून घेतो आणि उरलेलं अर्धं सिनेमा संपेपर्यंत बोटांत गुंडाळून गुंडाळून त्याची विडी होते. पंखे सुरू असतात, त्यामुळे हळू आवाजातले संवाद जातात. पण गाणं सुरू झालं की स्टॉलमधून पहिली शिट्टी येते आणि वर बसलेला मीही, वय विसरून, पाय आपटतो. हे घरी सोफ्यावर होत नाही. मॉलमधल्या दीडशे खुर्च्यांतही होत नाही, तिथे शेजारचा वळून बघतो.

गावांनी चौकांना नावं टॉकीजची दिली. पुण्यात अलका चौक, विजय टॉकीज चौक. दादरला बसमध्ये अजून 'प्लाझा' म्हणूनच तिकीट मागतात. पुण्याच्या प्रभातचं उदाहरण घ्या. 1934 साली किबे लक्ष्मी थिएटर म्हणून उभं राहिलं, पुढे प्रभात झालं, मराठी सिनेमाचं माहेरघर झालं. 2014 च्या डिसेंबरात भाडेकरार संपला, जागा मूळ मालकांकडे गेली. पाटी बदलली तरी अप्पा बळवंत चौकात रिक्षावाल्याला 'प्रभातपाशी सोड' म्हटलं की तो बरोबर सोडतो.

माझं म्हणणं: हमाल आणि वकील एकाच दारातून आत जातील अशी शहरात दुसरी जागा उरलेली नाही. ती गेली तर आपलं काहीतरी जातं. पटत नसेल तर बोला.

कडवट_कॉफी

बोलते. हमाल आणि वकील दोघेही पुरुष होते, हे तुमच्या लक्षात आलं का?

मी तालुक्याच्या गावात वाढले. तिथली टॉकीज आमच्या कॉलेजच्या वाटेवर. 1990 च्या आसपास आम्ही चौघी मैत्रिणी जायचो तेव्हा ओढणीच्या टोकाला सेफ्टी पिन लावलेली असायची. मागच्या रांगेतून खुर्चीच्या फटीतून बोटं यायची, त्यांना टोचायला. भिंतीकडच्या खुर्चीवर कोण बसणार यावरून भांडण व्हायचं, कारण तिथे एकच बाजू सांभाळावी लागते. सकाळपासून पाणी प्यायचं नाही. 'स्त्रिया' लिहिलेल्या दाराला कडी नव्हती, एकीने आत जायचं आणि तिघींनी बाहेरून दार धरायचं. तीन तासांच्या सिनेमातला सगळ्यात थरारक प्रसंग तोच.

मॉलमधल्या थिएटरला तुम्ही नाकं मुरडता. आयुष्यात पहिल्यांदा एकटी रात्री दहाचा शो बघितला तो तिथे. तिकीट महाग होतं, पॉपकॉर्न तर दरोडाच. पण मी आख्खा सिनेमा पडद्याकडे बघत बघितला. तुम्हाला हे लहानपणापासून मिळत होतं म्हणून त्याची किंमत कळायची नाही.

ऑपरेटरचा_पोरगा

दोघांच्या मध्ये पडतो. माझे वडील सोलापुरात एका टॉकीजच्या केबिनमध्ये तीस वर्षं होते.

वरून दिसायचं ते असं. दोन मशिनं शेजारी शेजारी. एक रीळ साधारण दोन हजार फुटांचं, वीस-बावीस मिनिटं चालणार. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. प्रेक्षकाला दिसत नाही, ऑपरेटरला दिसतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करायची, काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की पहिलं बंद, दुसरं चालू. चुकलं की पडदा पांढरा आणि खालून आईबहीण. उजेड कार्बनच्या कांड्यांचा. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये ठिणगी धरून ठेवायची आणि कांडी जळेल तशी हाताने पुढे सरकवत राहायची. धूर चिमणीतून जायचा, बराचसा वडिलांच्या छातीत. पुढे झेनॉनचे दिवे आले, तोवर खोकला कायमचा झाला होता.

कधी दोन टॉकीजमध्ये मिळून एकच प्रिंट असायची. तिकडे रीळ संपलं की सायकलवर डबा घालून पोरगं इकडे पळत यायचं. सायकल पंक्चर झाली की इकडे पडद्यावर साबणाच्या आणि सोनाराच्या स्लाइडी.

प्रॉव्हिडंट फंड नाही, रजा नाही, दिवाळीच्या दिवशी चार खेळ. सिनेमा उपग्रहावरून यायला लागला आणि एका माणसाने बटण दाबलं की झालं. वडिलांना घरी पाठवलं त्या दिवशी मालकांनी श्रीफळ दिलं. त्यामुळे तुमच्या गुलाबी तिकिटाने माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. मॅटिनीवाले, राग मानू नका.

वडील मात्र अजून टीव्ही बघताना उजव्या कोपऱ्याकडे बघतात.

हिशेबी

भावना झाल्या, आता गल्ल्याकडे या.

सातशे खुर्च्या, सव्वीस माणसं. शंभर रुपये तिकीट धरलं तरी 2600, त्यातून जीएसटी वजा, वितरकाचा वाटा वजा. राहिलेल्यात पंख्याचं बिल निघेल का बघा.

ही वेळ आपोआप आलेली नाही. एकपडदावाल्यांनी वर्षानुवर्षं भरमसाट करमणूक कर भरला. 2001 साली राज्याने मल्टिप्लेक्सचं धोरण आणलं आणि नव्या मंडळींना सुरुवातीची वर्षं त्याच करातून सूट दिली. ज्याने पन्नास वर्षं भरला त्याने भरत राहायचं, कालच्याला माफी. पुढे 2009 मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सचा तंटा मिटला तेव्हा वाटे ठरले: निर्मात्याकडे पहिल्या आठवड्याला 50 टक्के, दुसऱ्याला 42.5, तिसऱ्याला 37.5, नंतर 30. म्हणजे सिनेमा जितका टिकेल तितका थिएटरचा फायदा. पण आता टिकतो कोण? रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे, आता काही आठवड्यांत सिनेमा मोबाइलच्या वाटेला लागतो.

वरून मोठ्या सिनेमाची अट: लावायचा तर चारही खेळ आमचेच. मल्टिप्लेक्सला पाच पडदे आहेत, एखादा मराठीला देता येतो. एक पडदा असलेल्याने काय करायचं? 'मराठीचं माहेरघर' वगैरे बोलताना हेही बोला.

मालकाने विकायचं म्हटलं तर जागेवर नवीन बांधकामात थिएटर ठेवायच्या अटी आडव्या येतात. म्हणून दारावर कुलूप, आत कबुतरं. तुम्ही ज्याला वारसा म्हणताय तो मालकासाठी मालमत्ता कराचं बिल आहे.

लालबागची_लेक

कडवट_कॉफी, तुमचं खरं आहे, पण ते सगळ्यांचं खरं नाही.

आमचं थिएटर भारतमाता. गिरणगावातलं, गिरणीच्याच जागेवरचं, मराठी सिनेमांचं. आई आणि चाळीतल्या पाच-सहा बायका सकाळी लवकर भाकऱ्या उरकून तीनच्या खेळाला जायच्या. 1991 ला माहेरची साडी लागला तेव्हा तर रुमाल घरून मोजून नेले होते. बायकांची रांग वेगळी. डोअरकीपर शेजारच्या चाळीतला. कोणी वेडंवाकडं वागलं तर आत टॉर्च मारायच्या आधी त्याच्या बापाला निरोप जायचा. माझ्या आईला घराबाहेर तीन तास बसायला मिळालेली ती एकच जागा. देऊळ सोडून. आणि देवळात पाय पसरून बसता येत नाही.

कडवट_कॉफी

म्हणजे डोअरकीपर ओळखीचा असला तर सुरक्षित. मी तेच म्हणतेय की. परक्या गावात बदली होऊन गेलेल्या बाईने काय करायचं, आधी चाळीत खोली घ्यायची?

लालबागची_लेक

टोमणा पोचला. पण मॉलमध्ये माझ्या आईला सुरक्षारक्षक पिशवी उघडायला लावतो आणि आतला घरचा चिवडा बाहेर ठेवून घेतो. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगून टाकलं, बाहेरचं खाणं अडवायचा थिएटरला हक्क आहे. तिला तिथे भीती वाटत नाही, लाज वाटते. ती पुन्हा गेलीच नाही.

एसटीने_येणारा

मराठा मंदिरचं कोणी बोललं नाही अजून. मुंबई सेंट्रलच्या एसटी डेपोसमोर. 1995 ला लागलेला दिलवाले दुल्हनिया तिथे अजून लोक बघतात असं सगळे कौतुकाने सांगतात. 2015 मध्ये हजारावर आठवडे झाल्यावर उतरवायचं ठरलं होतं, लोकांनी ओरड केली आणि पुन्हा लावला.

मी गेलोय तीन-चारदा. माझी गाडी दुपारची, पोचलो पहाटे. स्टँडवर बाकडं मिळत नाही, लॉजवाला चार तासांचे पाचशे मागतो. इथे पन्नास रुपयांच्या आत तिकीट, पाय ताणून झोप. माझ्या ओळीत सगळे तसलेच, बॅगा पायाशी. नायिकेचा बाप पोरीचा हात सोडतो तेव्हा एकजण जागा झाला आणि म्हणाला, "चला, गाडीची वेळ झाली."

हे सिनेमाचं प्रेम नव्हे. विश्रामगृह आहे ते.

मॅटिनीवाला

मग त्यात वाईट काय? शहरात पन्नास रुपयांत तीन तास अंधारात बसू देणारी दुसरी जागा दाखवा. बागेत रखवालदार उठवतो, हॉटेलात चहा संपला की पोऱ्या फडकं मारतो.

पालो_आल्टोहून

आमच्या इथे अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड थिएटर म्हणून आहे, 1925 चं. मोडकळीला आलं तेव्हा पॅकार्ड कुटुंबाच्या फाउंडेशनने विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि 1989 पासून तिथे जुनेच सिनेमे लावतात. खेळाच्या आधी ऑर्गन वाजतो. धंद्याचा हिशेब सोडून कोणीतरी जबाबदारी घेतली तरच असं टिकतं. आपल्याकडे न्यासाने का चालवू नये?

हिशेबी

कारण आपल्याकडे न्यास झाला की पहिला ठराव मंगल कार्यालयाचा होतो. वाचलेलं बघायचं असेल तर चर्चगेटचं इरॉस बघा. 1938 ची इमारत, 2024 मध्ये आत आयमॅक्सचा एकच पडदा घालून पुन्हा उघडली. इमारत राहिली याचा आनंद आहे. हमाल मात्र आता बाहेरूनच बघतो.

जिन्यातला

सगळे खुर्च्या आणि दरावर बोलताय. दिल्लीचं उपहार थिएटर आठवतं का कोणाला? 13 जून 1997, 59 माणसं गेली. खालच्या ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला आणि वर बाल्कनीत जादा खुर्च्या घालून बाहेर पडायची वाट अडवली होती. जुन्या थेटरात शिरलो की मी आधी दारं बघतो, मग पडदा. निम्म्या दारांना आतून साखळी असते, फुकटे शिरू नयेत म्हणून.

मॅटिनीवाला

हे मात्र मान्य. साखळी आमच्याकडेही आहे, मालकांशी बोलतो.

कडवट_कॉफी, तुमच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर द्यायचं टाळत होतो. येत्या रविवारी तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणी पेठेत याच. बाल्कनीची तिकिटं माझ्याकडून. मध्यंतरातले वडेही.

कडवट_कॉफी

वडे नकोत. लेडीज टॉयलेटला कडी आहे का, तेवढं सांगा.

मॅटिनीवाला

खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षं जातोय, ते कुठल्या बाजूला आहे हेही मला ठाऊक नाही. उद्या बघून सांगतो.

मॅटिनीवाला

जाऊन आलो. बाल्कनीच्या जिन्याखाली आहे. कडी आहे, नवीन आहे. बाहेरून कुलूप असतं, लागेल तेव्हा चावी मागून घ्यायची.

कडवट_कॉफी

चावी कोणाकडे?

मॅटिनीवाला

तिकीट खिडकीवर. खेळ सुरू झाला की तो चहाला जातो, म्हणून मग पानवाल्याकडे.

लालबागची_लेक

मॅटिनीवाले, रविवारचं राहू द्या. आधी मालकांना सांगून त्या चावीला दुसरी करून आणा.