टीव्ही, सिनेमा, मोबाइल आणि आपली भक्ती: तुमचे अनुभव लिहा

नागाळापार्क_मावशी
राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, पाळकसाहेब म्हणाले, उपवासकाळात मटण सोडताय ते सोडाच, पण यंदा संध्याकाळचा मोबाइलही बाजूला ठेवा. शेजारी बसलेली भाची कुजबुजली, "मावशी, मटण सोपं आहे गं." कोल्हापुरात मटण सोपं वाटायला लागलं म्हणजे बघा! आणि मला एकदम आमचा शटरचा टीव्ही आठवला.

1987 मध्ये दर रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' लागायला लागलं. गल्लीत टीव्ही मोजकेच, त्यातला एक आमचा, आणि आम्ही त्याच वेळी वायल्डर मेमोरियल चर्चला उपासनेला. पप्पांनी यावर कधी वाद केला नाही. टीव्हीचं लाकडी शटर सरकवून ठेवायचे, घराची किल्ली शेजारच्या काकूंकडं द्यायचे आणि आम्हाला घेऊन निघायचे. परत येऊन बघावं तर उंबऱ्याशी चपलांचा ढीग, टीव्हीला झेंडूचा हार, घरभर उदबत्तीचा वास. पप्पा त्या हाराला हात लावायचे नाहीत. दुपारी काकूच येऊन अलगद काढून न्यायच्या.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मात्र शटरला कुलूप. किल्ली पप्पांच्या बंडीच्या खिशात. रविवारी सकाळी तेवढं शेजाऱ्यांसाठी उघडायचं.

टीव्ही म्हणजे पाप असं ते कधीच म्हणाले नाहीत. घरातली कुठली वेळ कुणाची हे टीव्हीनं ठरवायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता. मला तो आजही पटतो. आता घरोघरी सात ते नऊ मालिका, मग जेवणं, आणि कौटुंबिक प्रार्थनेला बसेपर्यंत निम्मी मंडळी पेंगलेली. तुमच्याकडं कसं चालतं? काय बघितल्यावर प्रार्थनेत मन लागत नाही, काय बघून उलट बळ मिळालं? मोकळेपणानं लिहा.

शाहूपुरी_६वीगल्ली
मावशी सलाम. आमचा आजा स्टुडिओत पडदे रंगवायचा. राजवाडे, जंगलं, नदीचा घाट, सगळं. प्रभात 1933 ला पुण्याला गेली तेव्हा बरेच कारागीर संगं गेले, आजा काय गेला न्हाई. त्या वेळची जुनी मंडळी सिनेमाचं नाव काढलं की तोंड फिरवायची. पण नाताळ जवळ आला की बेथलेहेमचा पडदा रंगवायला आजाच लागायचा. गव्हाणीमागचा डोंगर हुबेहूब जोतिबाचा! आज्जी सांगायची, ब्रश हातात घ्यायच्या आधी आजा दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहायचा, स्टुडिओत पण आणि देवळात (चर्चमध्ये) पण. आमच्या घरात सिनेमा वाईट असं कुणी कधी म्हणलं न्हाई, ते त्यामुळंच.

झेंडा_चौक
शटरचा टीव्ही कुठला हो? डायनोरा का क्राऊन?

नागाळापार्क_मावशी
क्राऊन. वर लोकरीचं विणलेलं कव्हर, त्यावर चिनीमातीचं हरीण 🙂

झेंडा_चौक
हरीण सगळ्यांकडं होतं!! आमच्याकडं बदकं पण.

मिरजेची_लेक
नर्स आहे, नाइट करून आत्ताच आले, झोपायच्या आधी लिहिते. पहाटे वॉर्ड जरा शांत झाला की हात आपोआप मोबाइलकडं जातो. रील्स बघून आलेल्या सकाळी डोकं इतकं भरलेलं असतं की "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणतानाही मागं कुठलं तरी गाणं वाजत असतं. वाईट गाणं नसतं, पण असतं. आता मिरज ते कोल्हापूर एसटीत कानात स्तोत्रसंहिता लावते. हातकणंगल्यापर्यंत डोळा लागतो, पण झोप वेगळी लागते. ज्यांची ड्युटी अशी आहे त्यांनी करून बघा. बाकी नंतर, दूध उतू जातंय.

तरुणसंघ_कोल्हापूर
आयपीएलवर कुणीच बोलेना! रविवारी डबल हेडर असला की साडेतीनची मॅच आणि चर्चच्या तरुण संघाची सभा एकाच टायमाला. सभेला आलेली पोरंसुद्धा बायबल अॅपच्या आड स्कोअर बघायची. ओरडून काय उपयोग? आमच्यातल्या एका दादानं सभा अडीचला घेतली आणि नंतर सगळे मिळून त्याच्याकडं मॅच बघायला. चहा, भडंग, मॅच. आता जे कधी सभेला येत नव्हते ते पण येतात आणि मॅच बघता बघता बोलतात, नोकरीचं टेन्शन, घरचं भांडण. सभेत ही पोरं तोंड उघडत नव्हती.

भुताचे सिनेमे मात्र मी पूर्ण बंद केलेत. रात्री बघितलं की प्रार्थनेला डोळे मिटायचीच भीती वाटायची. मित्र हसतात, हसू देत.

उजळाईवाडी
@तरुणसंघ भडंग कुठलं? आमच्याकडं जयसिंगपूरचंच चालतं.

तरुणसंघ_कोल्हापूर
जयसिंगपूरचंच हो, दुसरं कुठलं 🙏

दोन_पोरांची_आई
पोरं कुकर लावेपर्यंत कार्टून बघतात आणि एक संपलं की दुसरं आपोआप सुरू. बंद करायला गेलं की रडारड. शेवटी नवऱ्यानं ऑटोप्ले बंद केलं. यूट्यूबवर व्हिडिओच्या वरच बटण असतं, नेटफ्लिक्सवर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जावं लागतं. आणि यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाकली तर पहिलं पान जवळजवळ रिकामं दिसतं, जे पाहिजे ते शोधूनच लावायचं. फरक मोठा आहे. "आपण आता काय बघायचं?" हे पोरं विचारायला लागली. धाकटी परवा म्हणाली, दाविदाची गोष्ट लाव. दाविद गोफणीनं राक्षसासारख्या गल्याथाला मारतो ते दृश्य परत परत बघितलं आणि झोपताना विचारते, गल्याथाची आई रडली असेल का गं? काय उत्तर देणार! त्या रात्री आम्ही गल्याथाच्या आईसाठी प्रार्थना केली.

मिरजेची_लेक
अगं किती गोड. झोप उडाली माझी.

सेवक_निवृत्त
सेवेत आयुष्य गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फिलिप्पैकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायातील 8वे वचन आपण मुलांना पाठ करायला देतो: जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही शुद्ध, त्याचे मनन करा. हे लिहिणारा पौल अथेन्समध्ये मूर्तिपूजक कवींच्या ओळी घेऊन सुवार्ता सांगतो (प्रेषितांची कृत्ये 17:28). म्हणजे त्याने त्या ऐकल्या होत्या आणि त्यांतले चांगले निवडले होते. आपले नारायण वामन टिळकही तसेच. अभंग आणि कीर्तन या मातीतलेच, त्यांनी त्यांतून ख्रिस्त गायिला. म्हणून सिनेमाच्या चालीवर कॅरोल म्हटले की मी मुलांना रागावत नाही. फक्त विचारतो, ही चाल ऐकून लोकांच्या डोळ्यांसमोर गव्हाण येईल की त्या सिनेमातला नाच? मुले प्रामाणिक असतात. अर्ध्या चाली स्वतःच काढून टाकतात.

मला खरी काळजी वेगळीच आहे. मोठमोठ्या प्रचारकांचे व्हिडिओ. दिवे, धूर, संगीत, चमत्कार आणि शेवटी दानासाठी क्यूआर कोड. ते बघून आलेल्याला आपल्या पाळकाचा साधा उपदेश बेचव लागतो. पण आजारपणात रात्री दोनला सीपीआर रुग्णालयात धावत येतो तो हाच पाळक. ख्रिस्ती नाव लावले म्हणून करमणूक ही भक्ती होत नाही, हे मी शेवटपर्यंत सांगणार.

राजारामपुरी_९
सेवकसाहेब शंभर टक्के! माझ्या सासूबाई रोज एकाचं बघतात आणि मला सांगतात, तुझा विश्वास कमी म्हणून गुडघा दुखतो. डॉक्टर म्हणतात झीज आहे.

एकटी_टाकाळा
वाचत होते, लिहू का नको करत. हे गेले तेव्हापासून घरात बोलायला कुणी नाही. संध्याकाळी टीव्ही लावते तो बघायला नाही, माणसांचा आवाज पाहिजे म्हणून. चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंनी सांगितलं, मालिका बंद करून बायबल वाचत बसा. वाचते ना, सकाळी वाचते. पण सातनंतरची शांतता ज्याची त्यालाच कळते. उपवासकाळात टीव्ही बंद ठेवायचं म्हटलं तर पोटात गोळा येतो.

नागाळापार्क_मावशी
ताई, टीव्ही लावा. कुणाला उत्तर द्यायचं नाही. आणि टाकाळ्यात कुठं राहता ते मला मेसेज करा.

शेजारी_हिंदू
मी ख्रिस्ती नाही, पण वाचत बसलो. आमच्यात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला आई टीव्हीवर चादर टाकायची. 'रामायण' आम्ही पण एका ख्रिस्ती घरातच बघायचो, लक्ष्मीपुरीत. त्या आजींनी आम्हा पोरांना नाताळात डोनट आणि करंज्या दिलेल्या आठवतात. @एकटी_टाकाळा ताई, माझी आई पण एकटी असते, तिला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ती म्हणते, रेडिओ लावा, सांगली आकाशवाणी. रेडिओ लावून हातानं कामं होतात.

शाहूपुरी_६वीगल्ली
त्या आज्जी लक्ष्मीपुरीत कुठल्या गल्लीत? आमची चुलत आज्जी तिकडंच होती, डोनट तिचेच फेमस.

शेजारी_हिंदू
धान्य बाजाराच्या मागं. दारात पेरूचं झाड.

शाहूपुरी_६वीगल्ली
मग तीच! फोन करतो काकाला आत्ताच.

राजारामपुरी_९
मावशी, ताईंकडं जाणार असाल तर मला पण सांगा. शुक्रवारची महिला मंडळाची घरसभा त्यांच्याकडंच ठेवूया का? सात वाजता. ताईंना चालत असेल तरच.

एकटी_टाकाळा
चालेल. चहा मी करते. जिना अरुंद आहे, गुडघेवाल्या बाईंना सांभाळून आणा.

राजारामपुरी_९
येते हळूहळू. उपासना संगीताची पुस्तकं कुणाकडं जास्तीची आहेत का? मोठ्या अक्षरातली पाहिजेत.